नदीत फिरायला बोट केवढी हवी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सरला की गोव्यात मांडवी नदीकाठी जुन्या मोटरबोटींच्या खरेदी-विक्रीला जोर येतो. पूर्वी मुंबई-पुण्याचे लोक घ्यायचे, आता म्हापसा, फोंडा, डिचोलीचेही घेतात. माझी उमेद खाणीतलं खनिज नदीतून वाहणाऱ्या बार्जच्या इंजिनरूममध्ये गेली. २०१२ साली खाणी बंद पडून बार्जी नांगरल्या गेल्या, तेव्हापासून मी लोकांच्या खासगी बोटींची इंजिनं बघतो. घेणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, की लहान घेऊ की मोठी? माझं उत्तर ठरलेलं आहे. शनिवार-रविवार नदीत फिरायचं असेल, तर लहानच घ्या. कारणं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न घेणाऱ्याच्या खिशापुरता नाही, नदीकाठच्या आम्हा सगळ्यांचा आहे.

माझा भाचा म्हापशाला दंतवैद्य आहे. यंदा त्याच्यापुढे दोन बोटी होत्या. एक २६ फुटी, एका पेट्रोल इंजिनाची, मागे आउटड्राइव्ह, म्हणजे मागच्या फळीबाहेरचा, वर उचलता येणारा पंख्याचा पाय. दुसरी ३४ फुटी, दोन डिझेल इंजिनांची, वयाने बरीच जुनी. म्हणूनच दोघींचा भाव जवळजवळ एकच. "मामा, तेवढ्याच पैशात दोन खोल्या मिळतात, पाहुणे आले तर झोपतील," असं त्याचं म्हणणं. त्याला मी दोन्ही बोटींच्या इंजिनापाशी खाली उतरवलं.

आठ फूट जास्त म्हणजे थोडीच मोठी, असं वाटतं. पण बोट लांबीबरोबर रुंदी आणि उंचीनेही वाढते. २६ फुटी बोट साडेआठ फूट रुंद आणि वजनाला तीन टनांच्या आसपास असते. ३४ फुटी साडेअकरा फूट रुंद आणि सात टनांकडे जाते. धक्क्याला लावताना, नांगर ओढताना, वाऱ्याने बाजूला ढकलली जात असताना तुम्ही हे सात टन सांभाळत असता. नवरा-बायको आणि दोन मुलं, त्यात ओहोटीचा ओढ आणि शेजारी दुसऱ्याची बोट. मोठी बोट घेतलेले बरेच जण पहिल्याच मोसमात खलाशी ठेवतात. मग तो ज्या रविवारी येणार नाही, त्या रविवारी बोट जागची हलत नाही.

आता इंजिनाचं. दोन इंजिनं म्हणजे एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता येतं, हे खरं आहे. पण त्या ३४ फुटीत मी पोटावर आडवा झालो, तेव्हा उजवं इंजिन आणि बोटीची बाजू यांच्यामध्ये जेमतेम एक वीत जागा होती. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी ओढणारा पंप त्या बाहेरच्या अंगाला. त्याच्या झाकणाचे स्क्रू हाताला लागतात, पण डोळ्याला दिसत नाहीत. आतलं रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, वेळच्या वेळी बदलावं लागतं, नाहीतर त्याच्या पाकळ्या तुटून थंड पाण्याच्या वाटेत अडकतात आणि इंजिन तापतं. उजव्या इंजिनाचा पंप असा अवघड जागी असला, की तो कोणी उघडतच नाही. मी उघडला तेव्हा स्क्रूंवर हिरवट गंज चढलेला होता आणि इंपेलरच्या दोन पाकळ्या जागेवर नव्हत्या. विकणाऱ्याच्या वहीत मात्र "सर्व्हिसिंग पूर्ण" अशी नोंद. दोन इंजिनांना गिअरबॉक्स दोन, शाफ्ट दोन, हीट एक्स्चेंजर दोन आणि अशा न उघडलेल्या जागाही दुप्पट.

तेलाचा हिशेब मात्र लोकांना वाटतो तसा नाही. पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे डिझेलपेक्षा जास्त पितं. त्यामुळे २६० अश्वशक्तीचं एक पेट्रोल इंजिन आणि २०० ची दोन डिझेल इंजिनं बेताच्या वेगाला तासाला पन्नास लिटरच्या आगेमागेच येतात. तेव्हा तेल वाचेल म्हणून लहान घ्या, असं मी कोणाला सांगत नाही.

नदीतली खरी अडचण वेगळीच आहे. दिवाडीच्या मागच्या अंगाला, म्हापशाच्या नदीत, कुंभारजुव्याच्या खाडीत जागोजागी खुंट रोवून जाळी लावलेली असतात, आणि भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या, दिवसांतसुद्धा रेतीचे उंचवटे वर येतात. लहान बोटीचा आउटड्राइव्ह वर उचलला की तिला दीड-दोन फूट पाणी पुरतं. पंख्यात जाळं अडकलं तर मागच्या फळीवर पालथं पडून सुरीने कापता येतं. मोठीला तीन-साडेतीन फूट पाणी लागतं आणि तिचे पंखे बोटीच्या पोटाखाली असतात. जाळं अडकलं तर कोणीतरी बुडी मारायची, तीही कुंभारजुव्याला, जिथे मगरी बघायला पर्यटकांच्या बोटी येतात.

पावसाळ्याचं काय? ज्या दिवसांत ट्रॉलरही बाहेर जात नाहीत, त्या दिवसांत ही बोट पाण्यात ठेवून मालकाला झोप लागत नाही. रस्त्यावरच्या वाहनाला रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. साडेआठ फुटी बोट त्यात बरोबर बसते, म्हणून ती ट्रेलरवर घेऊन ट्रॅक्टरने ओढत घरच्या शेडमध्ये नेता येते. साडेअकरा फुटीला क्रेन किंवा स्लिपवे (बोट वर ओढून घ्यायची उतरण) लागतो, आणि मग चार महिने दुसऱ्याच्या आवाराचं भाडं. पाण्यात राहिलेल्या बोटीच्या बुडाला बार्नॅकल (चिकटून वाढणारे कवचाचे जीव) धरतात ते वेगळंच.

मोठी घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. ज्याला आग्वाद किल्ल्याच्या बाहेर, समुद्रात पडून मालवण नाहीतर कारवार गाठायचं आहे, रात्री बोटीतच राहायचं आहे आणि कायमचा खलाशी परवडतो, त्याने अवश्य मोठी घ्यावी. मार्चनंतर दुपारी वायव्येचा वारा सुटतो. त्याच वेळी उधाणाची ओहोटी लागली, तर मांडवीच्या तोंडावर आखूड, उभ्या लाटा उठतात आणि २६ फुटी त्यांत आपटत येते. तेव्हा वजनदार बोटच बरी. पण शंभरातले नव्वद लोक रायबंदर, चोडण, सांतइस्तेव्ह एवढंच फिरतात.

लहान घेतानाही डोळे उघडे ठेवा. आउटड्राइव्हच्या रबरी बेलोजच्या (घडीदार नळीच्या) घड्या बोटांनी फाकवून बघा. तडा दिसला तर बदलून घ्या, कारण तिथूनच बोटीत पाणी शिरतं. मांडवी उन्हाळ्यात खारी आणि पावसात गोडी होते. अशा मिश्र पाण्यात जस्ताचा ॲनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) साय धरून निकामी होतो, तिथे ॲल्युमिनियमचा लावावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साठते. किल्ली फिरवण्याआधी ब्लोअर (ती वाफ बाहेर फेकणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवा आणि झाकण उघडून वास घ्या. यात कोणाचीही भीड धरू नका. बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय बयाणा देऊ नये. फायबरवर छोट्या हातोडीने ठोकत जावं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत ओल आहे. बुडाला फोड असतील आणि फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर भाव पाडून मागा. शेवटी माणसं भरून, टाक्या भरून पूर्ण रेस द्या. इंजिन ठरल्या फेऱ्यांपर्यंत पोचलं नाही, तर काहीतरी लपलेलं आहे.

भाच्याने २६ फुटी घेतली. त्याच्या बायकोला ती एकटीला धक्क्याला लावता येते, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

आता ज्यासाठी हे पत्र. मी चोडणचा. आमची खाजनं, म्हणजे खाडीलगतची सखल शेतं, मातीच्या बांधांवर उभी आहेत. बांध फुटला की मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) नव्हे, थेट खारं पाणी शेतात येतं. कोरगुट, ही आमची खाजनातली भाताची जात, खारटपणा सोसते, पण उभं खारं पाणी तीही सोसत नाही. बार्जींच्या लाटांनी हे बांध किती खाल्ले, ते मी बार्जीवरूनच बघत होतो. सात टनांची बोट नाक वर करून, ना हळू ना जोरात, अशी जाते, तेव्हा ती सगळ्यात मोठी लाट मागे सोडते. ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) काढायला कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बायकांना ती लाट गळ्यापर्यंत येते. हीच बोट ५ नॉटने, म्हणजे ताशी ९ किलोमीटरने गेली, तर लाट जवळजवळ उठतच नाही.

१९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणी, तपासणी आणि विमा या तिन्हींची तरतूद आहे. बंदर कप्तान खात्याला माझी विनंती अशी, की जुनी बोट दुसऱ्याच्या नावावर करताना ती पाण्याबाहेर काढून झालेल्या तपासणीचा कागद मागावा. खाजनाच्या बांधांलगत, चोडण, दिवाडी आणि सांतइस्तेव्हच्या काठाने, ५ नॉटचे फलक लावावेत, तेही असे की भरतीतसुद्धा वाचता येतील. आणि प्रत्येक तालुक्यात नदीवर ट्रेलर उतरवायला काँक्रिटची एक सार्वजनिक उतरण बांधावी, म्हणजे लहान बोट घेणाऱ्याला ती पाण्यात ठेवून कुजवावी लागणार नाही. ही कामं पुढचा मोसम सुरू होण्याआधी व्हावीत.

आपला,
एक निवृत्त बार्ज इंजिन ड्रायव्हर,
चोडण, तिसवाडी