तात्या, वहीतल्या त्या दोन रकान्यांसाठी

ती. तात्यांना,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हालाच आहे, पण लिहितेय जाहीर. घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर तुम्ही वाचून, घडी घालून खिशात ठेवलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. तुमचं आणि गावाचं नाव मात्र लिहीत नाही. "नाव छापलंस की हुरडा पार्टीवाले येतील चाकं मागायला," अशी तंबी तुम्हीच दिली आहे. तेव्हा खटाव तालुक्यातलं एक गाव, गावातली जुनी दोन खोल्यांची शाळा आणि त्या शाळेत गावानं मांडलेलं संग्रहालय, एवढ्यावर वाचणाऱ्यांनी भागवावं.

आमचं माळवदाचं घर उतरवायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. घर उतरवताना आधी तुळया, खण, दारं यांचा हिशेब होतो. माळ्यावरचं आणि गोठ्यातलं सामान कुणाच्या खिजगणतीत नसतं. भंगारवाल्यानं लोखंड किलोवर मागितलं, लाकूड सरपणाच्या भावात. हायवेवरच्या एका ढाबेवाल्यानं गाडीची चाकं आणि नांगर तेवढे मागितले, भिंतीला टांगायला. माझ्या चुलत भावांना मी नावं ठेवणार नाही. वाटणीत एकेकाला दोन-दोन खोल्या आल्या, त्यात मोटेचं चाक कुठं ठेवायचं? सगळे विकायलाच निघाले होते, आणि तुम्ही काखेत एक लांबट वही मारून दारात उभे राहिलात.

तात्या, आभार त्या वहीचे मानायचे आहेत. तिच्यात चार रकाने आहेत: वस्तू, कोणी दिली, कोणी घडवली, कोणी वापरली. पहिले दोन सगळीकडे असतात. पुढचे दोन भरायला तुम्ही जी खटपट करता, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. आपल्याच तालुक्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं दगडी शिल्प, असं काय काय तिथं आहे. दुष्काळी मुलखात एका राजानं हे जमवलं याचा अभिमान मलाही आहे. पुण्यात दिनकर केळकरांच्या संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते पाहून तर माणूस हरखून जातो. चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं. अडकित्त्याखाली लोहाराचं नाव कोण लिहिणार? तुम्ही स्वतः सुतार, त्यामुळं ही गोष्ट तुम्हाला आधी टोचली असावी, असा माझा अंदाज आहे. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत.

आमच्या जात्याचंच घ्या. आम्ही सांगितलं, "आजीचं जातं." तुम्ही मान डोलावलीत, पण लिहिलं काहीच नाही. वरची पाळू उलटी करून टाकीचे घाव पाहिलेत, मधल्या खिळावर बोट फिरवलंत, मग खुंटा काढून उजेडात धरलात. तो दोन्ही अंगांनी सारखाच गुळगुळीत झालेला. "ह्याच्यावर एकटी बाई बसत नव्हती," म्हणालात. "समोरासमोर दोघी. दुसरी कोण?"

आत्या गप्प झाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "थोरली काकी." आजीची थोरली जाऊ. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झालेली, मूलबाळ नसलेली, जन्मभर त्याच घरात राबलेली. मी त्या घरात सगळ्या सुट्ट्या काढल्या, पण ह्या आजीचं नाव माझ्या कानावर कधी पडलं नव्हतं. भिंतीवर तिचा फोटो नाही, सातबाऱ्यावर नाव असण्याचा तर प्रश्नच नाही. रोज पहाटे पायलीभर बाजरी त्या दोघी दळायच्या, म्हणजे चार शेर, आणि पाहुणे असले की त्याहून जास्त. तुम्ही आत्याकडून तिचं माहेर, माहेरचं नाव, सासरचं नाव विचारून घेतलंत आणि चौथ्या रकान्यात दोघींची नावं एकाखाली एक लिहिलीत. थोरलीचं वर.

त्यानंतर आत्या जी सुटली ती दिवेलागणीपर्यंत ओव्या सांगत होती. तुमच्याबरोबर आलेल्या कॉलेजच्या पोरीनं मोबाइलवर सगळ्या रेकॉर्ड केल्या. मी तिला हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांच्या कामाबद्दल सांगितलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, आणि ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचं नाव-गावही नोंदवलं. पोरगी म्हणाली, "म्हणजे तात्यांच्या वहीसारखंच की." मी म्हटलं, अगदी तसंच.

आता मोट, म्हणजे बैलांकडून विहिरीचं पाणी उपसायची कातडी पिशवी. आमच्या माळ्यावर नुसते तुकडे होते: वाळून कडक झालेलं कातडं, लोखंडी कडं, चाक, दोराची दोन भेंडोळी. सांगाडा आम्हाला दिसत होता, ती चालायची कशी हे आमच्यात कुणालाच धड सांगता येईना. कातड्याला तुम्ही कितीतरी दिवस एरंडेल चोळत होतात म्हणे. शाळेच्या अंगणात लाकडी चौकट उभी केलीत, खाली सिमेंटची टाकी आणि काठावर मोटेचं पाणी पडायला विटांचं छोटंसं थारोळं. बैलांच्या जागी सातवीची चार पोरं.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण मलाही ते तिथंच कळलं. मोटेला दोर दोन. जाड नाडा मोटेच्या तोंडाच्या कड्याला बांधतात आणि तो वरच्या चाकावरून जातो. बारीक दोर सोंडेच्या, म्हणजे मोटेच्या खालच्या निमुळत्या नळीच्या टोकाला, आणि तो खाली, थारोळ्याच्या काठाशी बसवलेल्या आडव्या रुळावरून जातो. दोघांची दुसरी टोकं एकाच जुवाला. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतरत्या वाटेवरून, उतरायला लागले की दोन्ही दोर एकदम ओढले जातात, सोंड मोटेच्या बरोबरीनं वर वळलेली राहते आणि पाणी सांडत नाही. मोट काठापर्यंत आली की नाडा तिला आणखी वर, चाकाकडे नेतो. सोंड मात्र रुळावरून थारोळ्यात खेचली जाते आणि मोट आपोआप रिकामी होते. ओतायला वेगळा माणूस लागत नाही. मग बैल मागं मागं सरत पुन्हा धाव चढतात. सगळी मख्खी दोन दोरांच्या मापात! बारीक दोर वीतभर जरी लांब राहिला तरी सोंड लोंबते आणि पाणी वाटेतच विहिरीत परत. पहिल्यांदा तसंच झालं, पोरं चिंब भिजली आणि जाम खूश झाली. तुम्ही दोर सोडून पुन्हा बांधलात. दुसऱ्या खेपेला थारोळ्यात धबाबा पाणी पडलं तेव्हा ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. नाड्यावर बसायला मिळावं म्हणून पोरांची भांडणं लागली ती वेगळीच.

ह्याच मोटेवरून आमच्या घरात वाजलं. तेही लिहिते, कारण त्याशिवाय आभार अर्धेच राहतील.

मोटेशेजारची पाटी तुम्ही स्वतः लिहिली नाहीत. पलीकडच्या वस्तीतल्या निवृत्त गुरुजींना लिहायला सांगितलीत. पाटीवर लिहिलंय की हे कातडं ढोर समाजातल्या कुटुंबानं कमावलं, चांभार समाजातल्या कुटुंबानं शिवलं, नाडा मातंग समाजातल्या कुटुंबानं वळला. तिन्ही घरांना त्याबद्दल वर्षाकाठी खळ्यावर बलुतं मिळायचं. आणि ज्या विहिरीवर ही मोट चालली तिथं ह्या तिन्ही घरांना पाणी भरायला मनाई होती. पाटीवर विहीर कुणाची, तेही आहे. म्हणजे आमची.

माझे चुलते भडकले. "दान दिलं आम्ही आणि बदनामीपण आमचीच? जुनं कशाला उकरता?" महाडचा सत्याग्रह १९२७चा, आमच्या विहिरीपर्यंत तो यायला किती वर्षं लागली हेही पाटीवर आहे, आणि खरं तर त्यांना तेच लागलं होतं. तुम्ही वाद घातला नाहीत. एवढंच म्हणालात, "मग मोटपण घिऊन जावा, आण्णा. पाटी काढून मोट ठेवायची न्हाई." चुलते तणतणत गेले. मोट राहिली. दिवाळीत ते नातवंडांना घेऊन बघायला आले होते, हे मला किराणा दुकानदाराकडून कळलं. पाटी वाचून दाखवली की नाही ते त्यालाही ठाऊक नाही.

तात्या, खेड्याच्या आठवणींवर हल्ली फार साखर पेरतात. चुलीवरची भाकरी, सारवलेलं अंगण, गोकुळासारखं घर. अंगण कोण सारवायचं ते कुणी विचारत नाही. तुमच्याकडे चूल आहे, आणि चुलीशेजारी धुरानं डोळे गेलेल्या बायकांबद्दल तुमच्या बचत गटातल्या मावशींनी लिहिलेला कागदही आहे. लाकडी नांगराशेजारी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर उभा आहे. लोखंडानं जमीन नासते म्हणून सुरुवातीला शेतकरी त्याला हात लावत नव्हते, हे गुरुजी पोरांना सांगतात. पुढं त्याच किर्लोस्करांना १९१० साली औंध संस्थानानं कारखान्यासाठी जागा दिली, हेही. आणि त्या कोपऱ्यात १९७२च्या दुष्काळाचं फळकुट. टिकाव, माती वाहायची पाटी, झिजलेलं घमेलं. गावाच्या वरचा पाझर तलाव ज्या बायाबापड्यांनी दुष्काळी कामावर खोदला त्यांच्या नावांची यादी, आणि रेशनवर मिळालेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल एका आजीनं सांगितलेल्या चार ओळी. बाहेरगावचे लोक ह्या फळकुटापुढून झपझप पुढं जातात. गावातले मात्र तिथंच सगळ्यात जास्त वेळ उभे असतात; यादीत आपल्या आईचं नाव शोधतात.

बाकी ज्यांच्या जिवावर हे चाललंय त्यांनाही ह्या पत्रात सामील करून घेते. खोल्या देण्याचा ठराव करणारी ग्रामपंचायत, विजेचं बिल भरणारं गणपती मंडळ, झाडलोट आणि सारवण वाटून घेणारा बचत गट, किल्ली सांभाळणारा किराणा दुकानदार. तिकीट नाही, फक्त डबा आहे. उद्घाटनाला कुठल्या पुढाऱ्याला बोलवायचं यावरून गावात दोन तट पडले तेव्हा तुम्ही उद्घाटनच रद्द केलंत आणि सोमवारी सकाळी सरळ दार उघडलंत. हे ऐकून मी ऑफिसात एकटीच हसत बसले होते.

हे सगळं सोपं चाललंय असं कुणी समजू नये. मागच्या पावसाळ्यात पेरणीच्या पाभरीच्या दिंडाला वाळवी लागली, बी सोडायचं चाडं थोडक्यात वाचलं. पत्रा दोन ठिकाणी गळतो. तुमचे गुडघे गेलेत, आणि तुमच्यानंतर खुंटा उजेडात धरून बघणारं कोण, ही काळजी तुम्हाला आहे. पण त्या दिवशी पाभर दुरुस्त करताना तुम्ही नातवाला बाजूला बसवून बांबूचे नळे त्याच्याकडूनच ओवून घेत होतात, ते मी पाहिलंय. ओव्या रेकॉर्ड करणारी पोरगीही आता वही भरायला लागलीय. तिचं अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे, राग मानू नका.

आता कामाचं. माझ्या वाट्याच्या पेटीत मापांचा संच निघालाय: पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं. कोळवं आणि निळवं नाही, ते आत्याकडे असावं. आत्याला मी विचारलंय, तुम्हीही जाता-येता आठवण करा. पायलीच्या बुडाला एक ठसा आहे, मला लागत नाही. तिसऱ्या रकान्यासाठी तो तुम्हीच बघा. पुढच्या रविवारी चुलत भावाचा टेम्पो रिकामा येतोय, त्यात मापं आणि जवसाचं तेल पाठवते. मोटेसाठी एरंडेल वेगळ्या डब्यात आहे, डब्यावर चिठ्ठी लावलीय. टेम्पो दुपारी पोचेल, तेव्हा किल्ली दुकानातच असू द्या. पत्र्याचं काय करायचं ते मंडळाच्या पोरांना विचारून कळवा, माझा हिस्सा मी धरून ठेवलाय.

काकूंना नमस्कार. गुडघ्यांचं तेवढं डॉक्टरांना दाखवाच.

तुमची,
पुण्याची पुतणी