माती पारदर्शक झाली म्हणे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुळांच्या सीटी स्कॅनवरचा कालचा लेख वाचला. ‘आता माती आरपार दिसणार’ हे शीर्षक झकास आहे. लेखकाने कधी मातीची कुंडी हाताळली असेल, असं मात्र वाटलं नाही.

माझी उमेदीची वर्षं मुळं धुण्यात गेली. चाळणीवर पाण्याची बारीक धार धरायची, चिमट्याने एकेक तंतू उचलायचा. तरी तुटून मोरीत जायचे ते जायचेच. त्यामुळे रोप न उपटता मुळं दिसणार म्हटल्यावर मी किती हरखलो असेन! मोठ्या मिनतवारीने स्कॅनरची तारीख मिळाली. गव्हाचं रोप, कुंडीचं पाणी दोन दिवस मुद्दाम तोडलेलं. आदल्या संध्याकाळी कुणा दयाळू जिवाला ते मलूल दिसलं आणि त्याने कुंडी काठोकाठ भरली. सकाळी पडद्यावर राखाडीत राखाडी! जाड मुळं तेवढी कशीबशी ओळखू येत होती. मूळ म्हणजे बव्हंशी पाणीच. ते मुळातलं की मातीतलं, याच्याशी क्ष-किरणांना फारसं देणंघेणं नसतं. पुढची तारीख मिळेपर्यंत गव्हाला ओंब्या आल्या. लेखात ओलाव्याचा ‘ओ’सुद्धा नाही.

‘मुळांवरचे केसही स्पष्ट दिसतात’ म्हणे. कुंडी १० सेंटिमीटर रुंद आणि चित्रात आडवे २००० ठिपके धरले, तर एक ठिपका ५० मायक्रॉनचा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मूलरोमाची, म्हणजे मुळावरच्या केसाची, जाडी जेमतेम १० मायक्रॉन. (मागच्या पत्रात आपण माझ्या मायक्रॉनचे मिलिमीटर करून टाकले होते. या खेपेस कृपा करावी.) तो केस दिसायला हवा, तर रोप अगदी बारीकशा नळीत वाढवा आणि सिंक्रोट्रॉन, म्हणजे अतिप्रखर क्ष-किरण देणारं अवाढव्य यंत्र, गाठा. नळीत कोंडलेलं मूळ शेतातल्यासारखं वाढतं का, ते विचारू नका. एमआरआयने मुळं पाहायची म्हटलं, तरी अडचण आहेच; मातीत लोहकण असले की चित्र वेडंवाकडं. तरीही लेखकमहाशय कुदळ मोडीत काढायला निघालेत!

आणि लेखासोबतचं ते छायाचित्र? ते स्कॅनचं नव्हेच. काळ्या कागदावर पसरलेली, लख्ख धुतलेली मुळं आहेत ती. कुणीतरी दिवसभर चाळणीवर वाकून ती धुतली असणार, आणि खाली ओळ छापली आहे : ‘स्कॅनरची किमया’.

आपला,
एक जुना वाचक