कोड उडवण्याआधी फाइल उघडून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडीला स्कॅनर जोडला, लाइव्ह डेटा रेकॉर्ड केला, फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकाने नोंदलेले बिघाडांचे क्रमांक) सेव्ह केले आणि मग कोड उडवले. दोन दिवसांनी डॅशबोर्डवरचा तोच इशारा-दिवा पुन्हा लागतो. मग जुनी फाइल काढायला जावे, तर ती सापडत नाही, किंवा सापडली तरी उघडत नाही. वाहन-निदानाच्या कामात हे इतके नेहमीचे झाले आहे की त्याबद्दल सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

ही नोंद पुन्हा तयार करता येत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. ओबीडी या गाडीतील स्वयं-निदान प्रणालीमध्ये कोड पुसण्याची आज्ञा, म्हणजे मोड ०४, दिली की कोडांबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनचा आरपीएम किती होता, कूलंटचे तापमान किती, लोड किती, गाडीचा वेग किती, हे सगळे त्या फ्रेममध्ये असते. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करत असलेल्या तपासण्या, हेही पहिल्यापासून सुरू होतात. मोड ०ए मधले, या आज्ञेने न पुसले जाणारे परमनंट कोड मागे राहिले तरी त्यांच्यासोबत हे आकडे नसतात. म्हणजे सेव्ह केलेली फाइल हाच त्या क्षणाचा पुरावा. ती दुसऱ्या जागी कॉपी करावी, त्या कॉपीवरून उघडून पाहावी आणि मगच कोड उडवावेत, असा आमचा आग्रह आहे. पडद्यावर ‘सेव्ह झाले’ असे आले एवढ्यावर विसंबू नये.

फाइल दिसली नाही की बहुतेक जण घाईने रिकव्हरीचे सॉफ्टवेअर उतरवून त्याच ड्राइव्हवर बसवतात. फाइल खरोखर पुसली गेली असेल, तर तिच्या मोकळ्या झालेल्या जागेवर हे नवे सॉफ्टवेअरच लिहिले जाऊ शकते. आणि बहुतेक वेळा ती पुसलेली नसतेच, भलत्या फोल्डरात पडलेली असते.

विंडोजवर चालणाऱ्या जुन्या ३२-बिट सॉफ्टवेअरमध्ये याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे व्हर्च्युअलस्टोअर. असे सॉफ्टवेअर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवलेले असते आणि लॉगही आपल्याच फोल्डरात लिहायला जाते. विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची परवानगी नाही. पण सॉफ्टवेअर अडू नये म्हणून विंडोज ती फाइल गुपचूप दुसरीकडे वळवते. सी ड्राइव्हवर यूजर्स, त्यात आपले नाव, त्यात ॲपडेटा, मग लोकल आणि त्यात व्हर्च्युअलस्टोअर, अशी ती वाट आहे. ॲपडेटा हे फोल्डर लपवलेले असते, त्यामुळे ‘हिडन आयटम्स’वर टिक केल्याशिवाय ते दिसत नाही. खरा गोंधळ पुढे होतो. तेच सॉफ्टवेअर एखाद्या दिवशी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवले, तर ते थेट प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिते आणि तिथलेच वाचते, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंतचे सगळे लॉग गायब झाल्यासारखे वाटतात. ते तिथेच असतात, फक्त दोन वेगळे साठे झालेले असतात. रॉस-टेकचे व्हीसीडीएस सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘रॉस-टेक’ या स्वतंत्र फोल्डरात बसते आणि ‘लॉग्ज’ या उपफोल्डरात लिहिते, म्हणून तिथे हा घोळ सहसा होत नाही. दुसरे सॉफ्टवेअर बसवताना जागा निवडू देत असेल, तर हाच धडा गिरवावा.

‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या ऑनलाइन साठ्याकडे वळवलेले असेल तर त्या नावाची दोन फोल्डरे तयार होतात. दोन्ही पाहावीत. कंपन्यांची जुनी सॉफ्टवेअरे पुष्कळदा व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, चालवतात. तिथे फाइल मशिनच्या आतल्या डिस्कवर असते, त्यामुळे बाहेरच्या विंडोजमध्ये कितीही शोधले तरी मिळणार नाही. आणि मशिन बिघडले म्हणून जुन्या स्नॅपशॉटवर (आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर) परत नेले, तर त्यानंतर आत साठवलेले सगळे जाते. अशा मशिनमधून फाइल रोजच्या रोज शेअर्ड फोल्डरमार्गे बाहेर काढावी.

अँड्रॉइडवर चालणाऱ्या स्कॅन टॅबलेटची तऱ्हा वेगळी. यूएसबी केबलने संगणकाला जोडल्यावर दिसणारी यादी प्रत्यक्ष फोल्डरांची नसते, टॅबलेटने बनवलेल्या सूचीची असते. नुकतीच झालेली फाइल त्या सूचीत चढलेली नसली तर संगणकावर दिसत नाही. टॅबलेट बंद करून पुन्हा सुरू केला आणि केबल पुन्हा जोडली की बहुधा दिसते. टॅबलेटमधल्या फाइल मॅनेजरमध्ये मात्र ती आधीपासूनच दिसत असते, म्हणून आधी तिथे पाहावे. ‘अँड्रॉइड’ फोल्डरातील ‘डेटा’मध्ये एखाद्या ॲपने काही साठवले असेल, तर ते ॲप काढून टाकताच त्या नोंदीही जातात. ॲप अडकतेय म्हणून काढून पुन्हा टाका, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो नोंदी बाहेर काढल्यानंतरच पाळावा.

तारखेचाही फसवा खेळ असतो. यंत्राची बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ मूळपदावर जाते आणि नव्या फाइलवर १९७० किंवा १९८० ची तारीख पडते. १ जानेवारी १९८० ही फाइल साठवण्याच्या फॅट पद्धतीच्या कार्डावरची सर्वांत जुनी तारीख आहे. तारखेनुसार लावलेल्या यादीत वर बघत बसलो, तर ही फाइल तळाशी राहते. त्यापेक्षा चासी नंबराने शोधावे. अनेक सॉफ्टवेअरे तो १७ अक्षरी क्रमांक फाइलच्या नावात घालतात. त्या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात. तसे काही दिसले तर ते १ किंवा ० आहे असे समजून टाइप करावे, नाहीतर समोर असलेली फाइलही शोधात येणार नाही.

फाइल खरोखर पुसली गेली असेल तर ती कुठे होती त्यावर सगळे अवलंबून आहे. एसडी कार्ड किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर आशा चांगली. तिथे फाइल पुसताना सूचीतील तिच्या नावाचा पहिला बाईट ई५ होतो आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, आतला मजकूर तसाच राहतो. तो नव्या लिखाणाने झाकला जाईपर्यंत मिळू शकतो, म्हणून कार्ड लगेच यंत्रातून काढावे. यंत्र चालू असताना ते मागच्या मागे काहीतरी लिहीतच असते. कार्डाची पूर्ण प्रतिमा, म्हणजे बाईट-न्-बाईट नक्कल, काढावी. खराब कार्डासाठी डीडीरेस्क्यू हे साधन चांगले, कारण ते वाचता येणारा भाग आधी घेते आणि अडणाऱ्या भागाकडे नंतर वळते. पुढचे सगळे काम त्या प्रतिमेवर करावे.

फोटोरेक हे मोफत साधन फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून शोध घेते. निदान यंत्रांचे बरेच प्रकार त्याला ओळखीचे नसतात, पण आपली खूण त्याला शिकवता येते. ‘फोटोरेक.सिग’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत एका ओळीत एक्स्टेंशन, खुणेची जागा आणि खूण लिहायची. खूण कळण्यासाठी त्याच यंत्राची एक चांगली फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाईट दाखवणाऱ्या साधनात) उघडून पहिले ८ ते १६ बाईट पाहावेत. अशा रीतीने मिळालेल्या फाइलीला मूळ नाव नसते आणि शेवटी कचरा चिकटलेला असू शकतो. विंडोजने आपणहून डिस्क तपासून दुरुस्ती केली असेल, तर ‘फाउंड.०००’ या लपलेल्या फोल्डरातील .सीएचके फाइलीही अशाच पाहाव्यात.

एसएसडी आणि टॅबलेटची अंतर्गत मेमरी यांबाबत मात्र खोटी आशा दाखवू नये. ट्रिम आज्ञेमुळे पुसलेली जागा लवकर रिकामी होते, आणि टॅबलेटमध्ये वरून एन्क्रिप्शन असते.

आता उघडण्याकडे. एक्स्टेंशनवर विश्वास ठेवण्याऐवजी पहिले बाईट पाहावेत. ‘पीके’ ही अक्षरे असतील तर ती झिप आहे. ओडीएक्स या निदान-माहितीच्या प्रमाणित स्वरूपाचे .पीडीएक्स पॅकेजही असेच झिप असते. ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ दिसले तर तो डेटाबेस. त्याच्या शेजारी ‘-डब्ल्यूएएल’ शेवट असलेली फाइल असेल तर तीही सोबत कॉपी करावी, नाहीतर ताज्या नोंदी तिच्यातच राहून जातात. ‘एमडीएफ’ने सुरू होणारी फाइल मोजमापांची असते. तिथे ‘अनफिनएमएफ’ असेल तर रेकॉर्डिंग चालू असताना वीज तुटली किंवा केबल निघाली, आणि फाइल पूर्ण बंद झालीच नाही. ती टाकून देऊ नये. तिला आधी फायनलाइझ (अपुरी राहिलेली नोंद पूर्ण) करावे लागते, मग ती उघडते. ‘एलओजीजी’ ही व्हेक्टर कंपनीच्या .बीएलएफ लॉगची खूण. पिकोस्कोप या सिग्नल पाहण्याच्या यंत्राच्या .पीएसडेटा फाइली स्कोप जोडलेला नसतानाही त्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतात आणि तिथून सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेला साधा मजकूर) करता येतात. एचपी ट्यूनर्स या इंजिन-ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये .एचपीएल म्हणजे लॉग आणि .एचपीटी म्हणजे ट्यून. ही दोन हमखास एकमेकांच्या जागी उघडायला जातात. कॅन बसचा, म्हणजे गाडीतील संगणकांमधल्या संदेश-वाहिनीचा, कच्चा लॉग उघडला तरी त्यात नुसते बाईट दिसतात. त्या गाडीची डीबीसी फाइल (बाईटांचा अर्थ सांगणारी) जोडल्याशिवाय त्यांतून तापमान किंवा वेग निघत नाही.

सीएसव्ही सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत जास्त नासते. कॅन लॉगमध्ये इंजिन ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) उत्तराचा आयडी ७ई८ असतो. एक्सेल त्यातला ई हा घातांक समजते आणि ७०,००,००,००० असा आकडा करून ठेवते. तशीच सेव्ह केली की मूळ आयडी गेला. म्हणून फाइलवर डबल क्लिक करू नये. ‘डेटा’ मेनूतून मजकूर म्हणून आयात करावी आणि आयडीच्या रकान्याला ‘टेक्स्ट’ प्रकार द्यावा. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात. सेकंदाला २,००० संदेश येत असतील तर ही मर्यादा पावणेनऊ मिनिटांत भरते आणि पुढचा भाग शीटमध्ये येतच नाही. सगळे आकडे एकाच रकान्यात आले, तर स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने ते तोडलेले आहेत का हे तपासावे.

परत मिळालेली ईसीयूची .बिन फाइल, म्हणजे त्याच्या मेमरी चिपमधल्या मजकुराची नक्कल, सर्वांत नाजूक. तिचा आकार चिपशी बाईटपर्यंत जुळला पाहिजे. ९३सी४६ ला १२८ बाईट, २४सी०२ ला २५६, ९५३२० ला ४,०९६ आणि २९एफ४०० ला ५,२४,२८८. एक बाईट जरी कमी-जास्त असला तरी ती गाडीत लिहू नये. आकार बरोबर असून चासी नंबराची अक्षरे जोडीजोडीने उलटी दिसत असतील, तर वाचताना बाईटांची अदलाबदल झाली आहे. ती आधी सरळ करावी. आणि अशा फाइली अनोळखी ‘फ्री कन्व्हर्टर’ संकेतस्थळांवर कधीही चढवू नयेत, कारण त्यांत गाडीची ओळख असते आणि कधी इमोबिलायझरची (गाडीच्या चोरी-रोधक यंत्रणेची) माहितीही.

यंत्रे बनवणाऱ्यांकडे आमच्या दोन मागण्या आहेत. सेव्ह झाल्यावर फाइलचा पूर्ण मार्ग पडद्यावर दाखवावा, आणि प्रत्येक नोंद कच्च्या स्वरूपासोबत साध्या मजकुरातही बाहेर काढता यावी. कार्यशाळांतील शिक्षकांनी स्कॅनर शिकवताना कोड वाचणे आणि उडवणे यांच्या मध्ये फाइल उघडून पाहण्याची पायरी आतापासूनच घालावी, ही त्यांना विनंती.

आपले,
वाहन-निदानाचे काम करणारे काही तंत्रज्ञ