मत्स्यालय बांधायचेच असेल, तर आधी मोठा पडदा उभारा

संपादक महोदय,

गोव्यात एखादे भव्य मत्स्यालय व्हावे, अशी मागणी पर्यटनाच्या चर्चेत अधूनमधून डोके वर काढते. तिला माझा सरसकट विरोध नाही. मात्र काचेच्या टाक्यांवर खर्च करण्याआधी अशा ठिकाणी निसर्गविषयक माहितीपट दाखवणारे महापडद्याचे चित्रपटगृह व्हावे, आणि त्या पडद्यावर प्रथम आपलाच अरबी समुद्र दिसावा, एवढेच मला सुचवायचे आहे.

मत्स्यालयाला जोडून असे चित्रपटगृह उभारण्याची पद्धत अमेरिकेत चांगलीच रुळलेली आहे. टेनेसी राज्यातील चॅटनूगाचे मत्स्यालय १९९२ मध्ये सुरू झाले आणि चारच वर्षांनी तिथे आयमॅक्स या महापडद्याच्या तंत्राचा पडदा आला. बोस्टनच्या न्यू इंग्लंड मत्स्यालयाने २००१ मध्ये तीच वाट धरली. तिथे लागणारे माहितीपट सहसा चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे असतात आणि या आटोपशीर लांबीमागे मूळ तंत्राचाही हात आहे. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात प्रथम झळकलेल्या या तंत्रात ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म प्रक्षेपकातून आडवी धावते, तीही सेकंदाला सुमारे पावणेदोन मीटर वेगाने. म्हणजे चाळीस मिनिटांच्या माहितीपटाला चार किलोमीटरहून लांब फिल्म लागते. कॅमेऱ्यात तर एका वेळी जेमतेम तीन मिनिटांची फिल्म मावत असे. पाण्याखाली गेलेल्या छायाचित्रकाराला ती संपली की वर येण्यावाचून गत्यंतर नसे, त्यामुळे कळ केव्हा दाबायची याचा तो दहा वेळा विचार करी. आता लेसर प्रक्षेपक आले आणि ते ओझे उतरले, तरी चाळीस मिनिटांचा रिवाज टिकून आहे. लहान मुलांच्या दृष्टीने ते बरेच झाले, कारण पाच वर्षांचे मूल अंधारात त्याहून अधिक वेळ एका जागी बसत नाही.

टाकीत जे दाखवता येत नाही, ते दाखवण्यासाठी हा पडदा हवा. रंगीत प्रवाळमासे टाकीत शोभतात, नाही असे नाही. पण बारा मीटरहूनही लांब वाढू शकणारा देवमुशी मासा (व्हेल शार्क) साध्या टाकीत कसा ठेवणार? डॉल्फिन कोंडून त्यांचे खेळ करण्यास केंद्र सरकारने २०१३ मध्येच मनाई केली आहे, आणि ते योग्यच झाले. उलट, पाच-सहा मजली पडद्यासमोर उतरत्या आसनांवर बसले की चौकट नजरेच्या बाहेर जाते आणि मुलाला आपण पाण्यात असल्यासारखे वाटते. अंड्यातून बाहेर पडलेले तळहाताहून लहान कासवाचे पिल्लू तिथे बसगाडीएवढे दिसते. त्याच्या वल्ह्यासारख्या पायांना चिकटलेला वाळूचा कण आणि कण दिसतो, लाटेने मागे फेकल्यावर त्याने पुन्हा मारलेली उसळी दिसते. भिंतीवरच्या फलकावरील दोन परिच्छेद वाचून हे कळत नाही, आणि ज्यांना अजून वाचताच येत नाही त्यांच्यासाठी तर फलक असून नसल्यासारखाच.

हे पिल्लू परदेशातले असण्याचे काही कारण नाही. मोरजी, आश्वे, आगोंद आणि गालजीबाग या आपल्याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात रात्री अंडी घालायला येतात आणि किनाऱ्यावरच्या झगमगाटामुळे पिल्ले समुद्राऐवजी भलतीकडे वळण्याचा धोका इथेच आहे. चोडणच्या खारफुटीत चिखलावर उड्या मारणारे निवटे आहेत. आपल्या मुलांना बांगडा ओळखता येतो तो ताटातला. हजारो बांगड्यांचा थवा एकाच क्षणी वळताना त्यांच्यापैकी कितीजणांनी पाहिला असेल? अरबी समुद्रातील हंपबॅक देवमासे तर जगातल्या इतर हंपबॅकांप्रमाणे ध्रुवाकडे स्थलांतर न करता वर्षभर याच समुद्रात राहतात. त्यांची संख्या फार थोडी उरली आहे. गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांनी त्यांचे गाणे टिपलेले आहे. ते गाणे चांगल्या ध्वनियंत्रणेवर, अंधारात, मुलांना ऐकवले तर निवेदनाची गरजही पडणार नाही.

विषयांचीही वाण नाही. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करीत आहे आणि तिचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोरच्या पाण्याचे नमुने नव्वदच्या दशकापासून गोळा करीत आले आहेत. पावसाळ्यात खोलवरचे थंड पाणी किनाऱ्याकडे वर सरकते, त्यातील क्षारांवर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्या आधारावर तारले आणि बांगडे पोसले जातात, आणि पावसाळा सरता सरता तळाजवळच्या पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपून जातो. आपल्या ताटातल्या माशाची ही एवढी मोठी कथा आपल्या दारात घडते आणि आपण मात्र मुलांना पेंग्विन दाखवतो. पेंग्विनांबद्दल माझी तक्रार नाही; त्यांचा क्रम नंतरचा.

दोन गोष्टींबाबत सावध राहायला हवे. पहिली म्हणजे खुर्ची हलवणे, तोंडावर पाणी उडवणे असल्या करामती. कनेक्टिकट राज्यातील नॉरवॉकच्या मत्स्यालयाला रेल्वेपुलाच्या बांधकामामुळे २०२१ मध्ये आपले सहा मजली पडद्याचे आयमॅक्स चित्रपटगृह सोडावे लागले आणि त्याच्या जागी करामतींचे छोटे फोर-डी चित्रपटगृह आले. त्यांचा नाइलाज होता. आपण सुरुवातच तिथून करण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट निवेदनाची. शाळेच्या सहलीबरोबर एका ठिकाणी असा माहितीपट पाहण्याचा योग आला होता. चित्रण अप्रतिम होते, पण निवेदन घाईघाईच्या परदेशी इंग्रजीत होते. माझ्या शेजारची तिसरीतली मुलगी ‘बाई, हा काय खातो? हा कुठे राहतो?’ असे सतत विचारत होती आणि तिला कुजबुजून उत्तर देईपर्यंत तो प्राणी पडद्यावरून निघून गेलेला असे. कोकणी आणि मराठी निवेदन ध्वनिमुद्रित करून घेणे हा एकूण खर्चातला सर्वांत किरकोळ भाग आहे. तेही जमत नसेल, तर समुद्राची जाण असलेल्या एखाद्या व्यक्तीने हातात ध्वनिक्षेपक घेऊन तिथल्या तिथे बोलावे. माझ्या मते मुलांना तेच अधिक भावेल, कारण त्या माणसाला प्रश्न विचारता येतो.

मत्स्यालय व्हायचे तेव्हा होईल, पण त्यासाठी थांबण्याची गरज नाही. २००४ पासून इफ्फीचे, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, माहेरघर झालेल्या पणजीत मोठे पडदे आहेत आणि मिरामारला विज्ञान केंद्रही आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि मुलांना घेऊन किनाऱ्यावर जाणे धोक्याचे असते. नेमक्या त्याच दोन महिन्यांत एखाद्या सभागृहात दर रविवारी दोन खेळ कुटुंबांसाठी आणि आठवड्यातून एका सकाळी शाळांसाठी ठेवून पाहावेत. शाळांच्या खेळांसाठी सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा या तालुक्यांना आधी बोलवावे. तिथल्या अनेक मुलांच्या घरापासून समुद्र लांब पडतो आणि पालकांना पणजीची फेरी परवडत नाही. तेव्हा तिकिटात सवलत देण्यापेक्षा येण्याजाण्यासाठी कदंबच्या बसगाडीची सोय केली, तर ती मुले खरोखर येतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा