बॉयलर रूममध्येही माणसे होती

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला दुसऱ्या महायुद्धातल्या ‘केली’ या विनाशिकेवरचा आणि ती ज्यात होती त्या ब्रिटिश नौदलाच्या पाचव्या विनाशिका ताफ्यावरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, राग निवळतो का ते बघायला. निवळला नाही.

मथळा ताफ्याच्या इतिहासाचा आणि आत पहिल्यापासून शेवटपर्यंत माउंटबॅटन, केलीचे कप्तान आणि ताफ्याचे प्रमुख. काश्मीर, कंदाहार, खार्तूम, किंग्स्टन, किंबर्ले, केल्विन, किपलिंग या बाकीच्या बोटी (नावे वाचूनच कळते की इंग्रजांनी साम्राज्याचा नकाशा समोर ठेवला होता) वऱ्हाडी मंडळींसारख्या कुठे तरी मागे उभ्या. नोव्हेंबर 1940 मध्ये इंग्लिश खाडीच्या तोंडाशी जर्मन विनाशिका समोर आल्या. सरळ अंगावर जायचे सोडून या साहेबांनी समांतर वळण घेतले, आणि ते ज्या ‘जॅव्हेलिन’वर होते तिचे नाक आणि शेपूट दोन्ही टॉर्पेडोंनी उडवले. त्यावर खुद्द त्यांच्या नौदलात टीका झाली. लेखकांना ही लढाई माहीतच नसावी, किंवा लेखात बसत नसावी.

पण माझी तक्रार त्या माफीच्या किश्श्याची आहे. मे 1940 मध्ये केलीला टॉर्पेडो लागला तेव्हा एकजण आपली जागा सोडून पळाला, कप्तानाने सर्वांसमोर त्याचे नाव न घेता त्याला माफ केले, केवढे मोठे मन! 1942 साली निघालेल्या सिनेमात तर तो पळणारा स्टोकरच, म्हणजे बॉयलरची भट्टी सांभाळणारा खलाशी, दाखवला आहे, आणि तुमच्या लेखकांनीही त्याला स्टोकर करून टाकले. म्हणजे साऱ्या लेखात स्टोकर एकदाच येतो, तोही पळताना. अहो, तो टॉर्पेडो लागला कुठे? पुढच्या बॉयलर रूमला! त्या दिवशी 27 माणसे गेली. बोट जवळजवळ चार दिवस ओढत टाइन नदीत आणली, त्याचे वर्णन तुम्ही अर्धा रकाना केले आहे. त्या 27 जणांना एक ओळ मिळालेली नाही.

मी स्टोकर होतो. आमची ‘राजपूत’, भारतीय नौदलाची विनाशिका, म्हणजे 1949 साली घेतलेली इंग्रजांची ‘रॉदरहॅम’. केलीच्याच जातकुळीची यंत्रे, दोन बॉयलर, 40,000 अश्वशक्ती. आत जायला एअर लॉक. एक दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, नाहीतर आतला हवेचा दाब जातो आणि भट्टीतली ज्वाळा उलटी अंगावर येते. पळायचे ठरवले तरी आधी दोन दारे आणि मग शिडी. डिसेंबर 1971 मध्ये विशाखापट्टणमबाहेर आमच्या बोटीने डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब, टाकले तेव्हा मी खालीच होतो. हादरा बसला, दिवे लुकलुकले, वरून जेवढी वाफ मागितली तेवढी दिली. ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीचे नाव नंतर वर आल्यावर ऐकले.

मध्यंतरी विजय दिनाला आमच्या तालुक्याच्या गावी माजी सैनिकांचा सत्कार झाला. निवेदकाने आधी विचारले, “काका, तोफ कोणती चालवायचात?” मी म्हटले बॉयलर. त्याने मान हलवली आणि माईकवर जाऊन म्हणाला, “सीमेवर बर्फात उभे राहून देशाचे रक्षण करणारे...” बर्फ! शाल घेतली, नारळ घेतला, खाली बसलो. प्रमुख पाहुणे निवृत्त अधिकारी होते, ते तासभर नेतृत्वावर बोलले. तुमचा लेख वाचताना मला तेच भाषण पुन्हा ऐकू आले.

आता क्रीट बेटाजवळची लढाई. 23 मे 1941 रोजी जर्मन स्टुका विमानांनी काश्मीर आणि केली बुडवल्या. काश्मीर दोन मिनिटांत गेली. केली भर वेगात वळत असताना उलटली आणि तिच्यावरची सुमारे 130 माणसे गेली. लेख इथे संपतो, कप्तान पाण्यात पोहत असताना. त्यांना बाहेर कोणी काढले? सुकाणूच्या बिघाडामुळे आदल्या रात्री मागे राहिलेल्या ‘किपलिंग’ने. डोक्यावर विमाने घिरट्या घालत असताना तिने तीन तास थांबून दोन्ही बोटींवरची 279 माणसे उचलली, आणि अलेक्झांड्रिया जवळ येता येता तिचे तेल संपले. तिचे कप्तान होते सेंट क्लेअर-फोर्ड. हे नाव छापायला फार शाई लागली नसती. पुढच्याच वर्षी, मे 1942 मध्ये किपलिंगही बुडाली.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो केलीचा नाही. केलीला एकच धुराडे होते, तुमच्या फोटोतल्या बोटीला दोन आहेत. खाली ‘संग्रहित छायाचित्र’ लिहिले की कोणतीही बोट चालते, असे आपल्याकडे ठरले आहे काय?

आपला,
एक निवृत्त नौसैनिक, जि. रत्नागिरी