ईझेड ८१ च घे

सांगली

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच मिळालं. ॲम्प्लिफायरमध्ये ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हची जोडी पुश-पुलमध्ये, म्हणजे आलटून-पालटून भार उचलायला, बसवतोयस हे वाचून फार आनंद झाला. रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह, जीझेड ३४ घ्यावा, ५यू४ घ्यावा, की सरळ दोन सिलिकॉन डायोड लावून मोकळं व्हावं, असं विचारलंयस. माझं ऐकशील तर ईझेड ८१ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह घे.

कुठला रेक्टिफायर किती 'गोड' वाजतो ही चर्चा बाजूला ठेव आणि आधी तुझा ट्रान्सफॉर्मर बघ. तू लिहिलंस त्याप्रमाणे त्याला ३००-०-३०० चं (मधल्या टोकापासून दोन्हीकडे ३०० व्होल्ट देणारं) वाइंडिंग आहे, व्हॉल्व्हचे हीटर तापवायला ६.३ व्होल्टची दोन आहेत, पाच व्होल्टचं नाही. जीझेड ३४ आणि ५यू४ दोघांच्याही हीटरला पाच व्होल्ट लागतात, म्हणजे त्यांच्यासाठी आणखी एक ट्रान्सफॉर्मर आला. त्यात ५यू४ चा हीटर ३ अँपिअर खातो, म्हणजे १५ वॅट नुसती उष्णता. त्याला वेगळा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) नसतो, त्यामुळे हीटरच्या तारांवरच पूर्ण हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज, चढतं. जीझेड ३४ उत्तमच आहे, पण तो २५० मिलिअँपिअरचा. तुला फार तर निम्मे लागतील आणि इंग्लंडातल्या ब्लॅकबर्न कारखान्याच्या जुन्या मालाची किंमत तर विचारूच नकोस.

तुझी जोडी ३०० व्होल्टवर, कॅथोड बायसमध्ये (कॅथोडला रेझिस्टर लावून), शांत असताना साधारण ८० मिलिअँपिअर घेईल आणि पूर्ण आवाजाला ११५ च्या आसपास जाईल. सुरुवातीच्या छोट्या व्हॉल्व्हचे पाच-दहा धर. ईझेड ८१ दीडशेचा आहे, आरामात निभावतो. मुलार्ड या ब्रिटिश व्हॉल्व्ह कंपनीच्या 'फाइव्ह-टेन' ॲम्प्लिफायर सर्किटमध्येही हा वापरला जाई. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट, आणि त्या पाचांत रेक्टिफायरही मोजलेला. मात्र दुकानात ईझेड ८० हातात पडू देऊ नकोस. नऊ पिनांचा, पिनाही त्याच, जुन्या रेडिओतून मुबलक निघतो, पण तो ९० मिलिअँपिअरचाच. काचेवरचा नंबर उजेडात धरून वाच.

डायोडबद्दल माझा विरोध ठाम आहे, तोही तुझ्या ट्रान्सफॉर्मरपुरता. त्यांतून भार नसताना एसीच्या शिखराइतकं व्होल्टेज लगेच येतं: ३०० ला १.४१ ने गुण, ४२४ व्होल्ट होतात. संध्याकाळी लाइन २३० ची २४५ वर गेली की तेच ४५० ओलांडतात, तुझे कंडेन्सर ४५० चे, आणि ईएल ८४ अजून तापलेल्याही नसतात! ईझेड ८१ चा कॅथोड हळूहळू तापतो, हाय टेन्शन सावकाश वर येतं, आणि भार आला की ते ३२० च्या आसपास स्थिरावतं. तुला नेमकं तेच हवंय.

गिटारवाल्यांना ५वाय३ हा रेक्टिफायर आवडतो, कारण जोरात छेडलं की व्होल्टेज खचतं आणि स्वर दबून पुन्हा फुलतो. त्यांच्यासाठी तो गुणच. तू तानपुरा आणि तबला ऐकणार. तिथे पुरवठा हलता कामा नये.

आता दोन गोष्टी जपायच्या. रेक्टिफायरनंतरचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नको. हम (स्पीकरमधली गुणगुण) कमी करायला लोक तिथे २२० टाकतात, आणि चार्जिंगच्या झटक्यात व्हॉल्व्हच्या आत ठिणगी उडते. जास्तीची भर चोकनंतर (पुढच्या फिल्टर कॉइलनंतर) घाल, तिथे १०० चालेल. दुसरं म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा रोध मोज. समज अर्ध्या सेकंडरीचा (३०० च्या एका बाजूचा) ९० ओहम आला आणि प्रायमरीचा (लाइनच्या बाजूचा) १२. प्रायमरीचा रोध सेकंडरीकडून किती भासतो ते असं काढ. ३०० भागिले २३० म्हणजे १.३, त्याचा वर्ग १.७, बारा गुणिले १.७ म्हणजे वीस. नव्वद अधिक वीस, एकशे दहा. डेटाशीटमध्ये तुझ्या व्होल्टेजला जो किमान आकडा दिलाय त्याला जितके कमी पडतील, तितक्या ओहमचा पाच वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर रेक्टिफायरच्या प्रत्येक प्लेटला लाव. हे टाळणाऱ्यांचेच रेक्टिफायर लवकर जातात.

एका ६.३ वर ईझेड ८१ एकटा ठेव, दुसऱ्यावर बाकीचे. पण दुसरं वाइंडिंग किती अँपिअरचं आहे ते आधी बघ. दोन ईएल ८४ च दीड अँपिअर घेतात.

हाय टेन्शनवर २२० किलोओहम, दोन वॅटचा ब्लीडर (बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे करणारा रेझिस्टर) विसरू नकोस. बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांब आणि मीटर लावून बघितल्याशिवाय हात घालू नकोस, अगदी घाई असली तरी.

रोधाचे आकडे मला कळव, मग रेझिस्टर किती ते मिळून ठरवू. काकूंना सा. नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शरद