भाई, तो फोन तुम्ही खिशात टाकलात त्याबद्दल

भाई,

तोंडावर बोललो असतो तर तुम्ही "गप रे" म्हणून विषय बदलला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

बाबांच्या वेळी देवगडातनं वाशीला आंब्याच्या पेट्या पाठवायच्या आणि दलालाच्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची, वाट बघायची, एवढाच धंदा. माझ्या हातात आल्यावर घरपोच ऑर्डरी, पल्प, कोकम, ४० माणसं, पसारा वाढला आणि प्रत्येक गोष्ट मला विचारून. पेंढा संपला, मला फोन. ड्रायव्हर आला नाही, मला फोन. कोणीतरी म्हणालं सीओओ ठेव, म्हणजे रोजचा कारभार बघणारा साहेब, तर ठेवला एक मुंबईचा. त्याने आधी केबिनला एसी मागितला, मग स्लाइडवर दाखवलं की टिम कुक १९९८ ला अ‍ॅपलमध्ये आला नि त्याने गोदामात पडून राहणारा माल कसा कमी केला. खरंच आहे ते, पण ह्या साहेबांनी आंबे पेंढ्यात पिकत घालतो ती आमची आढी शेवटपर्यंत बघितली नाही. ऐन एप्रिलात मेल टाकून गायब! त्याच्या आधीच्या कन्सल्टंटचं तर नावच काढत नाही, बिल आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तुम्ही कंपनीतनं रिटायर होऊन गावी आलेले. पद काय देऊ विचारलं तर "कायपण लिव". आठ दिवस पॅकिंगवाल्या बायकांशेजारी स्टुलावर बसून वहीत लिहीत होतात. पुढे काय काय बदललं ते सांगत बसत नाही, शेडमधली बोंबाबोंब थांबली एवढं पुरे.

मला आठवतो तो बाबांच्या वर्षश्राद्धाचा दिवस. दोन गाड्या भरायच्या होत्या, मी भटजींना सोडून फोन कानाला लावून शेडमध्येच. तुम्ही तो माझ्या हातातनं काढून घेतलात, शर्टाच्या खिशात टाकलात, म्हणालात, "जा तू घराक. पेटी चुकली तर माझी चुकली."

संध्याकाळी फोन परत दिलात, सोबत पॅकिंगच्या पावतीमागे लिहिलेली यादी. ३७ फोन. प्रत्येकापुढे काय ठरवलं ते दोन-तीन शब्दांत. ३६ जणांचं काम झालेलं, माझ्याशिवाय, आणि काही बिघडलं नव्हतं. खरं सांगू, आधी जरा लागलंच मला. मग त्या आंगणात बसून रडलो, बाबा गेले तेव्हा रडलो नव्हतो तेवढा.

मोठ्या पगाराची माणसं खूप बघितली, पण चूक आपल्या नावावर घेणारं माणूस मिळायला नशीब लागतं, आणि ते बहुतेक वेळा गावातच, पायात स्लिपर घालून फिरत असतं.

शेवटच्या नावापुढे तुम्ही काहीच ठरवलं नव्हतं. पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या पेटीत साका निघालेला, म्हणजे आंबा वरून चांगला नि आत गर खराब. "ह्यो फोन तुकाच करूचो लागतलो," म्हणालात, आणि मी बोलत होतो तोवर बाजूला उभे राहिलात, चहा थंड होईपर्यंत.